पाण्याचा नमुना : घेणाऱ्याची जबाबदारी

प्रयोगशाळेतून पाण्याचा अहवाल आला की आपण सर्वप्रथम उजवीकडचा रकाना पाहतो. सर्व घटक मर्यादेत आहेत असे दिसले की तो कागद फाइलला लागतो आणि पुढील तपासणीपर्यंत त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्याच कागदाच्या तळाशी बारीक टाइपात बहुधा एक वाक्य असते. सदर निष्कर्ष केवळ प्राप्त झालेल्या नमुन्यापुरतेच आहेत, अशा आशयाचे. आम्हीही अनेक वर्षे या वाक्याला वकिली थाटाची औपचारिकता समजत होतो. आज आमचे मत असे आहे की, त्या कागदावरचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होय. प्रयोगशाळा आपल्या विहिरीची किंवा टाकीची परीक्षा करीत नाही. आपण तिच्या टेबलावर नेऊन ठेवलेल्या बाटलीची परीक्षा करते. विहिरीपासून त्या टेबलापर्यंतच्या प्रवासात पाण्याचे जे झाले असेल, त्याचा जाब प्रयोगशाळेला विचारता येत नाही.

हे शहाणपण आम्हाला पुस्तकातून आलेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या फार्मसीत उन्हाळ्यात केलेल्या गुळवेलीच्या घनाची राख प्रमाणाबाहेर आली. राख वाढली म्हणजे मालात माती, असा सरळ हिशेब आम्ही केला आणि गुळवेल देणाऱ्या व्यापाऱ्याचे बिल अडवून ठेवले. त्यांनी फोनवर एवढेच म्हटले, "डॉक्टर, माल नेहमीचाच आहे. पाणी कोणतं वापरलंत तेवढं एकदा बघा." आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने बोअरच्या पाण्याचा ताजा अहवाल त्यांना वाचून दाखवला. एकूण काठिण्य लिटरला ३१० मिलिग्रॅम! आमच्या भागातील काळ्या कातळातल्या पाण्याच्या मानाने ते चांगलेच म्हणावे लागेल.

बिल दोन महिने अडून राहिले. मग एके दिवशी कपाट आवरताना त्याच वेळी भरून ठेवलेली दुसरी बाटली हाती लागली. तिच्या आतल्या अंगाला पांढरा, खरखरीत थर बसला होता. लिंबाचे चार थेंब टाकताच त्यावर बुडबुडे आले. प्रयोगशाळेत गेलेली बाटलीही जिल्ह्याच्या गावी जाणारे कोणी मिळेपर्यंत नऊ दिवस खिडकीत, उन्हात, अर्धवट भरलेली पडून होती, हे मग आठवले. पाण्यात विरघळलेला कर्बवायू निघून गेला की कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले राहत नाही. त्याचे कार्बोनेट होऊन ते काचेला चिकटते. प्रयोगशाळेने वरचे स्वच्छ पाणी घेतले आणि त्याचे काठिण्य अगदी अचूक मोजले. आम्ही त्याच बोअरचे पाणी पुन्हा काठोकाठ भरून, त्याच दिवशी नेऊन दिले, तेव्हा आकडा ५२० आला. पुढे त्याच गुळवेलीचा घन आर. ओ.च्या पाण्यात केला, तर राख मर्यादेत उतरली. बिल अर्थातच चुकते केले. दिलगिरीही व्यक्त केली. तथापि पंधरा वर्षांच्या व्यवहारात दोन महिने आम्ही त्या गृहस्थांना भेसळखोर समजत होतो, याची टोचणी आजही आहे.

पाण्याची एवढी चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पिण्यायोग्य पाणी पुरेसे नाही काय? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 'शेड्यूल टी' २००० साली आले आणि २००३ मध्ये सुधारले गेले. त्यातही निर्मितीचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असावे इतकीच अपेक्षा आहे. परंतु पिणारा मनुष्य पाणी आटवून पीत नाही. आपण आटवतो. शार्ङ्गधराने क्वाथासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन अष्टमांश उरवावयास सांगितले आहे. म्हणजे पाण्यात जे काही न उडणारे आहे, ते क्वाथात आठपट दाट होते. घन करताना तर पाणी पूर्णच जाते, क्षार मागे राहतात. एक किलो भरडीला १६ लिटर पाणी धरले आणि त्या पाण्याचा टीडीएस १००० असला, तर १६ ग्रॅम क्षार केवळ पाण्यातून आले. भरडीपासून १५० ग्रॅम घन मिळतो असे मानले, तर त्यातील दहावा हिस्सा वनस्पतीचा नव्हेच! काही भाग पातेल्याच्या बुडाशी पापुद्रा होऊन चिकटेल, काही चोथ्याबरोबर जाईल, हे खरे. तरीही उरते ते थोडे नसते. भारतीय मानक १०५०० मध्ये टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, पण दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. अकोला-अमरावतीकडील खारपाणपट्ट्यातल्या आमच्या वैद्यबंधूंना ही मुभा किती महाग पडते, ते त्यांनाच विचारावे.

धातूंचा हिशेब याहून सूक्ष्म आहे. कॅडमियमची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम. ती काटेकोर पाळणारे पाणी वरील प्रमाणात वापरले, तर १५० ग्रॅम घनात ०.०४८ मिलिग्रॅम कॅडमियम जाऊ शकते, म्हणजे दशलक्ष भागांत ०.३२ भाग. आपल्या वनस्पतिज औषधांसाठीची मर्यादा आहे ०.३! धातूचा काही अंश चोथा धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी येईल. परंतु पाणी 'पास' असताना औषध 'नापास' होऊ शकते, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी अनिवार्य झाली, तेव्हापासून आपण कच्च्या मालाकडे संशयाने पाहू लागलो. पाण्याकडे मात्र अद्याप तितक्या संशयाने पाहत नाही.

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात पावसाच्या पाण्याची जी परीक्षा दिली आहे, ती आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली आहे. न आंबलेला, न करपलेला शालीच्या भाताचा गोळा चांदीच्या पात्रात ठेवून पाऊस पडत असताना बाहेर ठेवावा. मुहूर्तभर तो जसाच्या तसा राहिला तर ते गांग जल, रंग पालटला किंवा शिते चिकट झाली तर सामुद्र. परीक्षेत गुण मिळवण्यापलीकडे या वचनाचा विचार आम्ही फारसा केला नव्हता. आता वाचताना जाणवते की, आचार्यांनी निष्कर्ष सांगण्यापूर्वी पात्र सांगितले, पात्रातील द्रव्याची अवस्था सांगितली आणि काळही सांगितला. भात मुळात आंबलेला असेल तर परीक्षा व्यर्थ, हे त्यांनी गृहीत धरले नाही, शब्दांत घातले. भूमीवरील पाणी पहाटे घ्यावे, कारण तेव्हा ते अधिक निर्मळ व शीत असते, असेही त्याच अध्यायात आहे. प्राचीनांकडे प्रयोगशाळा होती असा दावा आम्ही करीत नाही. तशा दाव्यांनी आपले नुकसानच अधिक झाले आहे. पण नमुना कशात, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत घ्यावा याची जी दक्षता त्या चार ओळींत आहे, ती कफ सिरपच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून शिपायाच्या हाती देणाऱ्या आपणात नाही, हे कबूल करावे लागेल.

आमच्या मते पहिला प्रश्न बाटलीचा नव्हे. आपल्याला नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे, हा पहिला प्रश्न. बोअरचे पाणी कसे आहे हे पाहावयाचे असेल तर पंप काही वेळ चालू देऊन, नळ दोन-तीन मिनिटे मोकळा सोडून मग पाणी घ्यावे. नाहीतर पाइपात साचलेल्या पाण्याचीच परीक्षा होते. उलट, पितळी नळ, जुने सांधे किंवा जोडाचे डाख यांतून शिसे उतरते काय, हे पाहावयाचे असेल तर रात्रभर बंद राहिलेल्या नळाचे पहाटेचे पहिले पाणीच हवे. एक मिनिट वाहू दिले की पुरावा मोरीत गेला. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. कामगार सकाळी भट्टीवर पहिले पातेले भरतात ते याच पहिल्या पाण्याने, हेही ध्यानात घ्यावे.

आणि नळाला बांधलेले फडके! आपल्याकडे ते सर्वत्र दिसते. गढूळ पाणी निवळण्याच्या साधनांत सुश्रुतानेही वस्त्र सांगितले आहे, यात शंका नाही. परंतु महिनोन् महिने ओले राहणारे फडके हे गाळण नसून जंतूंचे बिऱ्हाड आहे. नमुना घेताना फडके, रबरी नळी, तोंडाची जाळी काढून टाकावी. मात्र रोज बाटल्या त्याच नळीने धुतल्या जात असतील, तर एक निराळा नमुना नळीसकटही घेऊन पाहावा. त्याचा अहवाल फाइलमध्ये लावण्याजोगा नसेल, पण डोळे उघडणारा निश्चित असेल.

रासायनिक चाचणीची बाटली स्वच्छ प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची असावी आणि त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी, वर हवा राहू देऊ नये. फ्लोराइडसाठी तर काच वर्ज्यच समजावी. यवतमाळ, चंद्रपूरकडील मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पीएच आणि शिल्लक क्लोरीन यांचे आकडे वाटेत टिकत नाहीत, ते जागेवरच पाहून लिहावेत. नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून ४८ तासांच्या आत पोहोचवावी.

धातूंची बाटली मात्र वेगळीच हवी. पाण्यातील शिसे, कॅडमियम वगैरे अत्यल्प धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि मोजणीत कमी येतात. यास्तव या बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात. लिटरला दीड मिलिलिटर सामान्यतः पुरते, काठिण्य अधिक असेल तर थोडे जास्त लागते. हे आम्ल आपण दुकानातून आणून घालू नये, कारण त्यातच धातूंचा अंश असू शकतो आणि हाताळणीही धोक्याची आहे. प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली बाटली मागून घ्यावी. ती विसळू नये, ओसंडूही देऊ नये. एका परिचित फार्मसीने काटकसर म्हणून याच बाटलीतून नायट्रेटही तपासून घेतले आणि आकडा पाहून बोअर बंद करण्याची तयारी चालवली. नायट्रिक आम्लाच्या बाटलीत नायट्रेट सापडले, यात बोअरचा काय अपराध?

लोहाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते आपल्या रोजच्या अनुभवातले आहे. बोअरचे पाणी काढताना नितळ दिसते. काही तासांत पिवळसर होते आणि तळाशी तांबूस साका बसतो. पाण्यातले लोह हवेशी संयोग पावून बाहेर पडते. असा नमुना न हलवता वरून ओतून घेतला तर लोह नगण्य येणार. त्याच पाण्यात त्रिफळा किंवा अर्जुनाचा काढा केला की तो काळा-निळा पडतो, कारण कषाय द्रव्यांतील टॅनिन आणि लोह यांचे सख्य आपण लोखंडी कढईत नित्य पाहतो. काढ्याचा रंग यंदा का पालटला, याचे उत्तर अनेकदा हिरड्यात नसून त्या साक्यात असते. आम्ल घातलेल्या बाटलीत लोह विरघळलेले राहते, म्हणून लोहाचीही चाचणी तीतूनच करवावी.

आता जंतूंकडे वळू. येथे चूक झाली तर तिचा परिणाम उलटा होतो, म्हणजे खोटा दिलासा मिळतो. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते. नमुना घेतल्यावरही ते बाटलीत आपले काम चालूच ठेवते, आणि नळातून आलेले जिवंत जंतू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मरतात. अहवाल 'कोलिफॉर्म आढळले नाहीत' असा येतो. बाटलीपुरता तो खराही असतो. म्हणून निर्जंतुक बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असावे लागते. १२० मिलिलिटरच्या बाटलीत ३ टक्के द्रावणाचा ०.१ मिलिलिटर इतका अंश लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंतचे क्लोरीन निष्प्रभ करतो. ही बाटली विसळली की तोच अंश वाहून जातो. म्हणजे रासायनिक बाटली विसळावयाची आणि ही विसळावयाची नाही. ती काठोकाठ भरावयाची आणि हिच्यात बोटभर जागा सोडावयाची. एकच माणूस घाईत दोन्ही भरतो तेव्हा नेमके उलटे होते, असा आमचा अनुभव आहे. झाकण हातात तोंड खाली करून धरावे, ओट्यावर ठेवू नये, आतल्या बाजूस बोट लावू नये. बाटली बर्फाच्या पेटीत, पण वितळलेले पाणी झाकणाशी पोहोचणार नाही अशा रीतीने ठेवावी, गोठवू नये. त्याच दिवशी पोहोचवणे उत्तम, २४ तासांपलीकडे जाऊ देऊ नये. शनिवारी दुपारी घेतलेला आणि सोमवारी उघडलेला नमुना न घेतलेलाच बरा.

परंतु मुळात आपण चुकीच्या पाण्याची जंतुपरीक्षा करतो, हा आमचा खरा आक्षेप आहे. भट्टीवर तासन् तास उकळणाऱ्या पाण्याचा कोलिफॉर्म अहवाल आपण जपून ठेवतो, आणि ज्या पाण्याने अरिष्टाच्या बाटल्या शेवटच्या विसळल्या जातात, ज्याने खल व चाळण्या धुतल्या जातात, ज्याने गोळीची लगदी मळली जाते, त्याची चाचणी करीत नाही. उकळीनंतर औषधाला स्पर्श करणारे पाणी हेच जंतूंच्या दृष्टीने धोक्याचे. आर. ओ. बसवलेल्या फार्मसींनीही निश्चिंत राहू नये. यंत्रात पाणी पडद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी कार्बनच्या गाळणीत क्लोरीन काढले जाते, त्यामुळे साठवणीच्या टाकीतील पाण्याला कोणी राखणदार उरत नाही. नमुना यंत्राच्या तोंडाशी न घेता त्या टाकीच्या नळाशी घ्यावा.

चिठ्ठीचे महत्त्व थोडक्यात सांगतो. दिनांक, वेळ, स्रोत, नेमका नळ, शुद्धीकरणापूर्वीचे की नंतरचे, शेवटचा पाऊस व शेवटचे क्लोरीन केव्हा, आणि घेणाऱ्याचे नाव. चिठ्ठी बाटलीवर लावावी, झाकणावर नव्हे, झाकणे बदलतात.

या सर्वांवर एक आक्षेप ठरलेला असतो : तपासणीला येणारा अधिकारी अहवाल मागतो, नमुना कसा घेतला ते विचारत नाही; मग ही उठाठेव कोणासाठी? हा आक्षेप घेणारे मित्र खोटे बोलत नाहीत. आम्हालाही आजवर कोणी विचारलेले नाही. परंतु परवान्यावर तज्ज्ञ म्हणून वैद्याचे नाव असते, शिपायाचे नसते. कच्च्या मालाची गोणी आपण स्वतः फोडून, हुंगून, चावून पाहतो. सोळापट जाणारे द्रव्य मात्र दुसऱ्याच्या भरवशावर सोडतो, हे विसंगत आहे. खर्चाचा मुद्दा अधिक खरा आहे. छोट्या फार्मसीला धातू आणि जंतू या दोन्ही चाचण्या वारंवार परवडत नाहीत. यावर आमची सूचना अशी की, एका तालुक्यातील चार-पाच फार्मसींनी एकच दिवस ठरवावा, बर्फाची पेटी व नेणारा माणूस सामाईक करावा, आणि वर्षातून निदान दोनदा, म्हणजे मे अखेरीस पाणी खोल गेलेले असताना व पावसाळ्यात विहिरी भरल्यावर, नमुने द्यावेत. दोन ऋतूंचे पाणी एकच मानणारा वैद्य ऋतुचर्या कोणत्या तोंडाने सांगणार? संघटनेने वार्षिक अधिवेशनात एखादे व्याख्यान कमी करून तासभर प्रत्यक्ष नमुना घेण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे, अशी विनंती कार्यकारिणीस या लेखाद्वारे करीत आहोत.

आमच्याकडील उन्हाळी नमुने मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी घेतले जातील. जवळपासच्या ज्या वैद्यबंधूंना व भगिनींना पाहावयाचे असेल, त्यांनी आदल्या रात्रीच मुक्कामास यावे. पहिला नळ पहाटे साडेपाचला उघडतो, आणि तोपर्यंत चहासाठीही कोणी त्याला हात लावीत नाही.